घरगुती कारणे वगळता येत नाहीत

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून चिडायचं नाही. रक्तदाबाच्या डॉक्टरांनी बजावलं आहे. कन्येने तर माझ्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं. त्यात एक बाई सारखी सांगते, श्वास आत घ्या, श्वास बाहेर सोडा. मग इतकी वर्षं मी काय करत होतो? ॲप काढून टाकलं. त्याऐवजी ही वही. राग आला की इथे ओतायचा, वही मिटायची आणि हसतमुखाने बाहेर पडायचं.

आजचा राग एकच. लाँड्री. कंपनीच्या लाँड्रीने गेल्या वर्षी माझ्या पांढऱ्या कोटाला काळं बटण लावलं. बाकी सगळी पांढरी आणि बरोबर पोटावर एक काळं. तक्रार केली तर लाँड्रीवाला म्हणतो, साहेब, कोट बंद झाल्याशी मतलब. त्या दिवसापासून कोट घरी आणतो. सौ. धुते. कारखान्याचे कपडे बाहेर न्यायचे नाहीत असा नियम आहे खरा. पण तो नियम मीच लिहिलेला आहे, त्यामुळे तो कोणासाठी आहे हे मला नीट माहीत आहे.

६ फेब्रुवारी

नऊ नंबरच्या पावडरीचं काम माझ्याकडे आलं. फरशीवर तो चकचकीत रंग ओततात ना, तो दगडासारखा व्हायला ही पावडर लागते. पोत्यातून येते, वजनखोलीत मोजली जाते, मिक्सरमध्ये जाते. चाचणीचा नमुना मी स्वतः पोत्यातून काढून आणला, थोडी कोटावर सांडली. प्रश्न एवढाच की हिच्यामुळे माणसाच्या कातडीला किंवा श्वासाला ॲलर्जी जडते का. उत्तर मी द्यायचं. खाली सही माझी. अख्ख्या कंपनीत असा माणूस एकच आहे, आणि कॅन्टीनमध्ये मला अजून रांगेत उभं करतात.

पूर्वी हे काम उंदरांवर चालायचं. आता काचेच्या नळीत. चाचण्या तीन. पहिलीत पावडर प्रथिनाला चिकटते का ते बघायचं. दुसरीत कातडीच्या पेशी घाबरतात का. तिसरीत शरीराच्या पहारेकरी पेशी जाग्या होतात का. तीनपैकी दोन ज्या बाजूला, तो निकाल. काय देखणा नियम आहे! भांडण नाही, तोंड वाजवणं नाही. मी तो घरातही लावला आहे. मी, सौ. आणि कन्या. टीव्ही, सुट्टी, पडद्यांचा रंग, सगळं तीनपैकी दोन. आजवर एकदाही मी जिंकलेलो नाही, पण पद्धत शास्त्रीय आहे.

११ फेब्रुवारी

निकाल आले. पहिली चाचणी: चिकटते. दुसरी: काही नाही. तिसरी: काठावर.

काठावर म्हणजे पडलेलं नाही. पडलेलं नाही म्हणजे पास. तिसरी मी ‘नाही’मध्ये धरली. तीनपैकी दोन. पावडर निर्दोष. चहाच्या आत काम उरकलं.

तेवढ्यात ज्युनियर आली. चष्मा मोठा, आवाज बारीक आणि पदव्या माझ्यापेक्षा एक जास्त. म्हणाली, सर, ही पावडर पाण्याला लागली की लगेच बिघडते, तिचं भलतंच काहीतरी होऊन बसतं. दुसरी आणि तिसरी चाचणी तर पाण्यातच होते. म्हणजे पेशींना खरी पावडर भेटलीच नाही. मग त्या दोन मोजायच्या कशा? मी शांतपणे सांगितलं की पावडर पेशींना भेटली नाही हा पावडरीचा गुन्हा होत नाही. (शांतपणे म्हणजे टेबलावर हात आपटला, पण हलका.)

मग तिने श्वासाचं काढलं. श्वासाच्या ॲलर्जीसाठी मान्य झालेली चाचणीच अजून नाही. माझा काय दोष? मी लिहिलं, ‘श्वसनाच्या ॲलर्जीचा पुरावा उपलब्ध नाही.’ तर म्हणे, पुरावा नाही की चाचणी नाही? या पिढीला शब्दांचा कीस काढण्याशिवाय काही येत नाही. शिवाय जाता जाता म्हणाली, वजनखोलीतली बाई रोज खोकते, तिला तरी एकदा विचारा.

विचारतो. मी काय घाबरतो का?

१२ फेब्रुवारी

वजनखोलीतल्या बाईला सगळे तराजूवाली म्हणतात. मोठ्या साहेबांनी तिचं प्रकरण सकाळीच समजावून दिलं. माझ्या रिपोर्टात पावडर वाईट निघाली तर तिला त्याच पगारावर पॅकिंगला हलवावं लागेल, शिवाय वजनखोलीत धूळ ओढणारं यंत्र बसवावं लागेल. पावडर चांगली निघाली तर दमा तिचा स्वतःचा. मग ती कामाला अपात्र, आणि घरी. मी म्हटलं, साहेब, या गोष्टींचा माझ्यावर परिणाम होत नाही, मी फक्त विज्ञान बघतो. साहेब म्हणाले, म्हणूनच तुमच्याकडे दिलंय. बरं वाटलं. माणसाची पारख आहे त्यांना.

तराजूवालीला बोलावलं. चाळिशीची, काटक, खुर्चीच्या टोकावर बसलेली. म्हणाली, संध्याकाळी घरी गेले की छाती आवळते. रविवारी जरा मोकळं वाटतं. मध्ये बहिणीकडे गेले होते तेव्हा काहीच नव्हतं, कामावर आले आणि पुन्हा सुरू.

आता कच्च्या माणसाने लगेच पावडरीला धरलं असतं. मी मुळाशी गेलो. घरात कोंबड्या? नाहीत. धूर? गॅस आहे. नवरा सिगारेट ओढतो? नवरा वारला, मुलगी आहे, नर्सिंगला. मांजर, कुत्रा, पोपट? काही नाही. पांघरूण काय घेता? तर म्हणाली, रजई. कोणाची? आईची. आई जाऊन किती वर्षं झाली? बरीच.

सापडलं! मेलेल्या बाईची जुनी कापसाची रजई! तिच्यात काय काय नांदत असेल! मी रिपोर्टात एक वाक्य घातलं: ‘घरगुती कारणे वगळता येत नाहीत.’ वाचून पाहिलं. कुठूनही धरता येत नाही असं वाक्य. इतकं आवडलं की कायमच्या नमुन्यात टाकून ठेवलं, म्हणजे पुढे ज्युनियरलाही वापरता येईल. बाईला जाताना आपुलकीने सांगितलं, ती रजई टाकून द्या. रात्री जेवताना सौ.ला आणि कन्येलाही तराजूवालीच्या रजईचा हा शोध सांगितला.

१७ फेब्रुवारी

कारखान्यात कुजबुज आहे की मी साहेबांच्या बाजूने लिहिणार. तळपायाची आग मस्तकात गेली. संकल्प: रोज दुपारी वजनखोलीत जाऊन उभं राहायचं. बिनमास्क. सगळ्यांच्या देखत. बोलणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद.

आज पहिला दिवस. तराजूवाली पोतं फोडत होती. मी शेजारी कमरेवर हात ठेवून. छाती भरून श्वास घेतला. मला काहीही झालं नाही. फक्त कोट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा झाला. त्याची घडी करून काखेत मारली आणि घरी आणला. सगळे जण पावडर पावडर करत बसलेत आणि खरं कारण घराघरात आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सौ.ला सांगितलं, आधी गॅलरीत कोट नीट झटकून घे आणि मग भिजव, नाहीतर पांढरे गोळे राहतात. झटकताना तिला ठसका लागला. हल्ली ती संध्याकाळची खोकते. सूप पी म्हटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सौ.चा खोकला वाढला. जिना चढून आली की भिंतीला हात लावून उभी राहते. म्हटलं, घरात एवढा तज्ज्ञ असताना बाहेर कशाला विचारायचं? चौकशी सुरू केली.

सकाळी: बाथरूममधली सुगंधी वडी जप्त. दुपारी: तिच्या कुंड्या शेजाऱ्यांना दिल्या. संध्याकाळी: पडदे उतरवले. पडद्यांवर मतदान झालं, दोन विरुद्ध एक. मी सांगितलं, आणीबाणीत नियम स्थगित असतो. आता समोरच्या बिल्डिंगमधला माणूस आम्हाला जेवताना बघतो. वर हात हलवतो. निर्लज्ज.

सौ. म्हणाली, अहो, मला तुमचा कोट झटकताना जास्त होतं. मी म्हटलं, कोट पांढरा आहे म्हणून त्याच्यावरची घरातली धूळ दिसते, बाकीच्या कपड्यांवरची दिसत नाही. यावर ती उठून आत गेली. मुद्दा पटला असावा.

२८ फेब्रुवारी

सही केली. त्वचा: ॲलर्जीकारक नाही. श्वसन: पुरावा उपलब्ध नाही. एका कर्मचाऱ्याची तक्रार: घरगुती कारणे वगळता येत नाहीत. मोठ्या साहेबांनी उठून हस्तांदोलन केलं. रिपोर्टाचा सारांश आता पावडरीच्या माहितीपत्रकात जाईल आणि जगात कुठेही, कोणालाही वाचता येईल. ज्युनियर खिडकीबाहेर बघत होती. मत्सर. दुसरं काय?

४ मार्च

मांजर! इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. कन्येचं मांजर, चार वर्षांपासून घरात, सोफ्यावर साहेबासारखं पसरलेलं. मेव्हण्याला फोन केला आणि मांजर त्याच्याकडे पोचवलं. कन्येने रडून गोंधळ घातला. दारात उभी राहून म्हणाली, ‘बाबा, चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही.’ मी विचारलं, चोर कोण ते तरी सांग. तिने खुंटीकडे बघितलं. खुंटीला फक्त माझा कोट होता. या मुलीला सरळ उत्तर द्यायला कोणी शिकवलंच नाही.

१० मार्च

सौ. रात्रभर उशीला टेकून बसून होती. मांजर जाऊनही! पण मांजराचे केस म्हणे घरात महिनोन् महिने राहतात. वाट बघावी लागेल. विज्ञानाला घाई चालत नाही.

तराजूवालीला आज घरी बसवलं. वैद्यकीय कारण. तिने जाताना कोणाला काही विचारलं नाही, आपला डबा घेतला आणि गेली असं गेटवाला सांगत होता. मला का सांगत होता कोण जाणे. ज्युनियर दिवसभर माझ्याशी फक्त ईमेलवर बोलली. तिचं टेबल माझ्यापासून हाताच्या अंतरावर आहे. या लोकांना वाटतं तराजूवालीला मी काढलं. मी फक्त सही केली.

१५ मार्च

सौ. थोडे दिवस भावाकडे गेली. हवापालट. मी सुचवलं नव्हतं, पण मीच सुचवल्यासारखं मान्य केलं. कोट स्वतः धुतला. झटकला, भिजवला, वाळत घातला. नाक चोंदलं. साबण बदलायला हवा.

१९ मार्च

मेव्हण्याचा फोन. ताई एकदम ठणठणीत! जिने चढते, मोठ्याने हसते. मांडीवर मांजर घेऊन टीव्ही बघते.

मांडीवर मांजर!

तासभर विचार केला. मांजर तिथे आहे आणि खोकला नाही. मांजर इथे नव्हतं आणि खोकला होता. म्हणजे मांजराने घर बदललं की त्याचा गुणधर्म बदलत असावा. ज्युनियरला सहज म्हणून विचारलं. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाली, सर, तुम्ही हे खरंच विचारताय?

आणखी एक. आज बसमधून तराजूवाली दिसली. पादचारी पुलाच्या पायऱ्या चढत होती, दोन्ही हातांत जड पिशव्या. खोकला नाही, धाप नाही, कुठे थांबणंसुद्धा नाही! म्हणजे काम गेलं आणि दमा गेला. ढोंग होतं तर सगळं. मी किती अचूक होतो. बसमध्ये शेजारच्या माणसाला सांगितलंही. तो पुढच्या स्टॉपला उतरला.

२१ मार्च

कामावरून सुटून थेट मेव्हण्याकडे गेलो. सौ.ने हसून दार उघडलं. खरंच छान दिसत होती, खोटं कशाला बोलू. घडी केलेला कोट तिच्या शेजारच्या खुर्चीवर टाकला, चहा मागितला. चहा येईपर्यंत सौ. खोकू लागली. कप हातात येईपर्यंत तिला बोलता येईना. मेव्हणा पंखा लाव, खिडकी उघड करत धावला. मग तिला आतल्या खोलीत नेऊन बाहेर आला आणि दात काढून म्हणाला, ‘भावोजी, ताईला तुमचीच ॲलर्जी आहे. मांजर परत न्या आणि तुम्ही इथे राहायला या. नको, नको. तुम्ही तिकडेच राहा.’

असला राग आला की चहा अर्धा टाकून निघालो. कोट विसरलो नाही.

२३ मार्च, रविवार

मेव्हणा उथळ आहे, पण त्याच्या बोलण्यात पद्धतशीर काहीतरी आहे. घर वगळलं. पडदे, कुंड्या, मांजर वगळलं. राहिलो मी. माझ्यात काय आहे? दाढीनंतरचं लोशन. केसांचं तेल. पायाची पावडर. तिन्ही बंद. कन्या म्हणाली, बाबा, कोट. मी म्हटलं, कोट हा मी नव्हे. ती म्हणाली, तेच तर सांगतेय.

तिने तिच्या खोलीचं दार लावलं. आपटलं नाही, हळू लावलं. ते जास्त लागलं.

२७ मार्च

सौ. परत आली आणि पहिल्याच संध्याकाळी पुन्हा छाती भरली. ओठ निळसर झाले होते. कन्येने टॅक्सी बोलावली. मी चप्पल उलटी घातली हे तिथे गेल्यावर कळलं.

छातीचे डॉक्टर. वय कमी, घाई जास्त. फवारा दिला, वाफ दिली, आणि सौ. जरा सावरल्यावर विचारलं, कामाला कुठे जाता? सौ. म्हणाली, मी नाही, हे जातात. यांचा कोट मी झटकते, त्याच्यावर एक पांढरी पावडर असते. मी म्हटलं, तिचा काही संबंध नाही. डॉक्टरने माझ्याकडे बघितलंही नाही. पावडरीचं नाव विचारलं आणि कॉम्प्युटरवर शोधलं.

मग स्क्रीन आमच्याकडे वळवून वाचून दाखवलं. त्वचेची ॲलर्जी: नाही. श्वसनाची ॲलर्जी: पुरावा उपलब्ध नाही. ‘मूल्यांकन ताजं आहे आणि अगदी स्पष्ट लिहिलंय. म्हणजे पावडर सोडून द्या. घरातच काहीतरी असणार.’

क्षणभर, खरं सांगतो, अभिमान वाटला. आपलं लिहिलेलं वाचलं जातं. तेही डॉक्टरकडून. स्पष्ट लिहिलंय म्हणाला.

मग सौ.कडे बघितलं. ती वाचत नव्हती. माझ्याकडे बघत होती, तोंडाला वाफेचा मास्क लावलेला, वर फक्त डोळे. डॉक्टर औषधं लिहीत होता. तोंड उघडून सांगायला हवं होतं की तो रिपोर्ट माझा आहे, त्यातल्या दोन चाचण्या पाण्यात वाया गेल्या होत्या आणि श्वासाची चाचणी झालेलीच नाही. मी म्हटलं, फवारा दिवसातून किती वेळा?

 घरात शिरताना सौ. उंबऱ्यातच थांबली. खुंटीवर कोट होता. श्वास पुरत नव्हता, म्हणून तुटक बोलली.

‘तराजूवाली एक. मी दोन. आता तिसऱ्याची वाट बघायची का?’

२८ मार्च

सौ. आणि कन्या भावाकडे. कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. गॅलरीत ठेवला.

लिहिण्यासारखं काही नाही.

३१ मार्च

मोठ्या साहेबांकडे गेलो. रिपोर्ट परत घ्यायचा आहे म्हणालो. साहेब हसले. मग मी हसत नाही हे बघून थांबले. म्हणाले, प्रसिद्ध झालेला रिपोर्ट असा मनात आलं म्हणून परत घेता येत नाही, नवा पुरावा द्या, नियमाप्रमाणे दुसरी व्यक्ती तो तपासेल. नियम कोणी केला हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दुसरी व्यक्ती म्हणजे ज्युनियर. देवा, बरं झालं. ती पहिल्यापासून आपल्याच बाजूची आहे! आज अख्खा दिवस बसून लिहिलं. सौ.चं सगळं लिहिलं. संध्याकाळचा खोकला, भावाकडे गेल्यावर बरं वाटणं, कोट पोचल्यावर पुन्हा. इतकं स्वच्छ मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. संकल्प: ज्युनियरचे आभार मानायचे. तिला कॅन्टीनमध्ये चहा पाजायचा.

३ एप्रिल

उत्तर आलं. ईमेलवर. हाताच्या अंतरावरून.

‘रुग्ण एकच. रुग्ण मूल्यांकनकर्त्याची नातेवाईक. पावडरीशी थेट काम नाही. घरगुती कारणे वगळता येत नाहीत.’

मी खुर्ची मागे ढकलून उभा राहिलो. इतका ओरडलो की पलीकडच्या खोलीतले लोक काचेला येऊन बघू लागले. म्हटलं, माझ्या बायकोला श्वास येत नाहीये आणि तू मला हे वाक्य लिहून पाठवतेस? कोणत्या मूर्खाचं वाक्य आहे हे?

ज्युनियर पांढरी पडली होती. पण आवाज चढवला नाही. म्हणाली, सर, तो नमुना तुमचा आहे. मला त्यात फक्त चौकटी भरायच्या असतात. मग म्हणाली, तुमचं सगळं खरं आहे हे मला माहीत आहे. मी वर तोंडी सांगितलंसुद्धा. पण एक केस चालत नाही म्हणतात. वजनखोलीतल्या बाई लिहून द्यायला तयार झाल्या, तर दोन होतील.

दोन! तीनपैकी दोन! एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. चहा पाजायचा राहिला.

५ एप्रिल, शनिवार

तराजूवालीचं घर शोधलं. तिसरा मजला, अरुंद जिना, दारात नर्सिंगच्या पांढऱ्या बुटांची जोडी धुऊन वाळत ठेवलेली. तिने दार उघडलं आणि चेहरा असा उजळला की मी मागे वळून बघितलं, कोणी दुसरं आलंय की काय.

मला खुर्ची दिली. पाणी दिलं. मी भाषण पाठ करून गेलो होतो. तुमच्यावर अन्याय झाला, वगैरे. ते सुरूच करता आलं नाही, कारण ती आधी बोलली.

‘साहेब, तुमचं बरोबर निघालं बघा. काढून टाकलं त्या दिवशीच घरी येऊन रजई टाकून दिली. आईची एवढीच वस्तू होती, जीव होत नव्हता. पण टाकली, आणि तेव्हापासून खोकला नाही. एकदाही नाही.’

मी म्हटलं, रजईमुळे नाही. तुम्ही आता वजनखोलीत जात नाही, म्हणून खोकला थांबला. ती समजुतीने मान हलवत राहिली, म्हाताऱ्या माणसाचं ऐकून घेतात तशी. मग मुलीने आतून एक कागद आणला. मोठ्या साहेबांना तराजूवालीने अर्ज दिला होता: घरगुती कारण दूर केलं आहे, आता दमा नाही, कामावर परत घ्यावं. सोबत माझ्या रिपोर्टाची प्रत. मंजूर झाला आहे. सोमवारपासून. वजनखोलीतच.

मुलीची फी भरायची राहिली आहे म्हणाली. मग उठून आतून चहा आणला. तुमच्यामुळेच झालं साहेब, म्हणाली. मी तो चहा प्यायलो. का प्यायलो कोण जाणे.

बाहेर आल्यावर रस्त्यातल्या एका स्कूटरवाल्याला उगाच शिव्या दिल्या. तो थांबलेला होता.

६ एप्रिल, रविवार

संकल्प: उद्या गेटवरच तिला अडवायचं. सगळं सांगायचं. सोप्या शब्दांत. चिडायचं नाही. मोठ्या साहेबांनाही लेखी देणार, परिणाम काय व्हायचा तो होवो. ड्रॉवरमधून मास्क काढून ठेवला. सीलबंद. कंपनीने दिला तेव्हापासूनचा.

सौ.ला फोन केला. तिला सांगितलं, उद्या सगळं निस्तरतो. ती म्हणाली, बघा. तिच्या मागे मांजर ओरडत होतं. तिचा श्वास मोकळा होता.

७ एप्रिल, सोमवार

शिफ्टच्या आधी गेटवर गेलो. कोट घातला नव्हता. तराजूवाली आली, नवी पर्स, तेल लावलेले केस.

सांगितलं. आत जाऊ नका. पावडरीमुळेच होतं. माझ्या बायकोलाही झालंय, नुसता कोट झटकून. रिपोर्ट चुकीचा आहे.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. विचारलं, ‘रिपोर्ट कोणी लिहिला होता?’

मी म्हटलं, मी.

तिने पर्स काखेत घट्ट धरली. मग विचारलं, मोठ्या साहेबांनी पाठवलंय का मला घालवायला? मी नाही म्हटलं. शपथ घेतली. बायकोची घेतली. मागून लोक आत जात होते, काही थांबून बघत होते. मी मास्क पुढे केला. तिने घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि पर्समध्ये ठेवून दिला. म्हणाली, ‘तुम्ही रोज आमच्यात येऊन बिनमास्कचे उभे राहायचात साहेब. तुम्हाला कुठे काय झालं? आणि आता तर रजई पण नाही.’

घंटा झाली. ती आत गेली. वजनखोलीचं दार गेटवरून दिसतं. ते उघडलं आणि लागलं.

चिडायला समोर कोणीच उरलं नव्हतं. मी तसाच उभा. शेवटी गेटवाला म्हणाला, साहेब, आत येताय की बाहेर जाताय? मला गेट लावायचंय.